हिंडनच्या गाण्याचा शेवट

गाझियाबादच्या वैशालीत राहणाऱ्या कौशल्या चांदोरकर उन्हाळा लागल्यापासून एका जपानी खेड्यात अडकून पडल्या होत्या. खेडं टीव्हीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ परीक्षित नोएडातल्या मोटारींच्या कारखान्याकडून ट्रेनिंगला जपानला गेला होता. येताना त्याने भाच्यासाठी व्हिडिओ गेम आणला, तोवर भाचा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर निघून गेला होता. उदारीकरणाने त्या काळात प्रत्येक घरात काही ना काही आणून टाकलं. चांदोरकरांकडे हे आलं.

खेळाचं नाव 'सात दिव्यांचा प्रवास', भाग चौथा. तलवार घेतलेला एक मुलगा गावातून निघतो, राक्षस मारतो आणि जग वाचवतो, असं परीक्षितने समजावलं होतं. कौशल्याबाईंचा खेळातला मुलगा काही गावाबाहेर पडेना. खेळ सगळा जपानीत. जिथवर पोचलो तिथवरचं जपून कसं ठेवायचं, हे कुठेतरी लिहिलेलं असणार, पण वाचणार कोण? त्यात वैशालीतली लाइट. मुलगा वेशीपाशी पोचायचा, लाइट जायची, आणि ती आली की तो पुन्हा आईच्या घरी अंथरुणात जागा व्हायचा. जग वाचायचं राहून जाई. कौशल्याबाईंची तक्रार नव्हती. गाव नीटनेटकं होतं. विहीर होती, कोंबड्या होत्या, मुक्कामाला सराय होती. आणि गावाला एक चाल होती. मुलगा गावात असेपर्यंत ती गोल गोल वाजत राहायची.

"ताई, तिकडे ह्या गेमच्या म्युझिकच्या कॅसेटी निघतात," परीक्षित म्हणाला. "कार्यक्रमही होतात, लोक तिकीट काढून ऐकतात. गावांचं म्युझिक कुरोसे म्हणून एक गृहस्थ करतात, आणि राक्षसांचं मोरिनागा नावाची बाई."

"राक्षस बरे बाईच्या वाट्याला आले."

"यार ताई, ती फेमस आहे!"

"असेल. स्वयंपाक आटपून करत असेल."

त्यांचे यजमान हरिदास चांदोरकर सरकारी खात्यात नोकरी करत आणि पेटीवर प्रेम. वैशालीच्या मराठी मंडळाच्या समूहगानाला दरवर्षी हरिदासरावच चाल लावत, आणि दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या स्पर्धेत मंडळ दरवर्षी हात हलवत परत येई. यंदा अध्यक्ष गुलाबराव, जे तबलाही वाजवत, चहा पिता पिता म्हणाले, "हरिदासराव, राग मानू नका. ह्या वेळीही काही मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी आपण ऑर्केस्ट्रावाला बोलावू. त्याच्याकडे रिदमचं मशीन आहे."

तेव्हापासून हरिदासरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पेटीचा भाता नुसता सुस्कारे टाकी. मंडळ सुटलं तर उरणार होतं ते फक्त सरकारी खातं, आणि ते घरी किती चिडचिड आणतं हे कौशल्याबाईंना ठाऊक होतं.

एका रविवारी ते टॉवेलवरच न्हाणीघरातून बाहेर आले. "अगं, सुचली!"

त्यांनी पेटी ओढली. दुसऱ्याच ओळीला कौशल्याबाईंना विहीर दिसली. तिसऱ्या ओळीला कोंबड्या. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात हरिदासरावांनी आपण होऊन सकाळचं उरलेलं पिठलंसुद्धा मागितलं. तोंड मिटलं.

"कशी आहे?"

"ओळखीची वाटते."

"चांगली चाल ओळखीचीच वाटते. शुद्ध भूप आहे."

शब्दही त्यांनीच लिहिले. हिंडन नदीवर. हिंडनची स्तुती तोवर कोणीच केली नव्हती, कारण त्यासाठी नाक दाबून जवळ जावं लागतं. तालमी चांदोरकरांच्या हॉलमध्ये झाल्या. कौशल्याबाई धरून सात-आठ बायका, पेटी आणि गुलाबराव. गाणं रंगात आलं की लाइट जाई, बायका हसत थांबत, मेणबत्ती आणि चहा येई. हे इतकं नेमाने घडे की गाण्याला शेवट नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही. चांदोरकरांच्या गाण्याचा शेवट वीज मंडळ करत होतं.

स्पर्धा करोल बागेत होती, आणि तिथल्या सभागृहाला जनरेटर होता.

परीक्षक विजयालक्ष्मीबाई समोर चष्मा पुसत बसल्या होत्या. हिंडन सुरू झाली. सुरेख सुरू झाली. अंतरा झाला, ध्रुपद आलं, त्यातून पुन्हा अंतरा निघाला. हरिदासरावांनी डोळे उघडून वर दिव्यांकडे पाहिलं. दिवे लख्ख होते. पुन्हा ध्रुपद. बायका हरिदासरावांकडे पाहत होत्या, हरिदासराव दिव्यांकडे. वेळ संपल्याची घंटा झाली. घंटा सुरात असल्यामुळे गाणं आणखीच खुललं.

"आवरा की," गुलाबराव तबल्यावरून पुटपुटले.

"कुठे आवरू? जागाच नाही!"

त्यांच्या कपाळावरचा घाम पेटीवर ठिबकताना कौशल्याबाईंनी पाहिला, आणि त्यांना त्या गावातून सुटायची वाट आठवली. वेशीबाहेर मोरिनागाबाईंचे राक्षस, तो रस्ता नको. सराय. मुलगा सरायीत निजला की गावाची चाल थांबते, पाच-सहा सुरांची इवलीशी अंगाई वाजते आणि अंधार होतो. कौशल्याबाई एक पाऊल पुढे आल्या, ती अंगाई त्यांनी हळू गायली आणि मान खाली घातली. बायकांना वाटलं, हे ठरलेलं असणार. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मग टाळ्या.

वेळ ओलांडल्याचे गुण कापले गेले, तरी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. "चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "पण शेवट! नदी निजली हो."

परतताना टॅक्सीत हरिदासरावांनी विचारलं, "अगं, तो शेवट कुठला?"

"घरी चला, ऐकवते."

घरी नशिबाने लाइट होती. मुलगा अंथरुणात उठला, दाराबाहेर आला. विहीर, कोंबड्या. हरिदासराव उभ्याने ऐकत होते, ते हळूहळू खाली बसले.

"हा भूप आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"हे कुरोसे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बक्षिसाचा पेला गुलाबरावांपुढे ठेवला आणि चाल आपली नसून कुरोसेंची असल्याचं सांगून टाकलं.

"कुरोसे कुठले? कऱ्हाडचे का?" गुलाबरावांनी विचारलं.

"जपानचे."

"अच्छा. म्हणजे हक्क सांगायला गाझियाबादला येणार नाहीत. तरी नाव घालू त्यांचं. संगीत कुरोसे, पेटी चांदोरकर, शेवट कौशल्याताई. चालेल?"

"बिल्कुल," हरिदासराव म्हणाले. मंडळ वाचलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टर आणला. पहिल्याच संध्याकाळी कौशल्याबाईंचा मुलगा कधी नव्हे तो वेशीबाहेर पडला, मोरिनागाबाईंचे ढोल सुरू झाले, आणि शिंगं असलेलं काहीतरी अंगावर धावून आलं.

"अगं थांब!" पेटीवरून हरिदासराव ओरडले. "त्याला मारू नकोस इतक्यात. अंतरा उतरवून घ्यायचा राहिलाय."