जेलीखालचं गजकर्ण

"हे लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?" स्वारगेटजवळच्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या की बाहेर बसलेल्या पेशंटांची खाज जागच्या जागी थांबली असावी. मी शर्ट वर धरून उभा. कमरेभोवती लाल गोल चट्टे आणि त्यांवर पेट्रोलियम जेलीचा असा थर, की माशी बसली असती तर थेट कात्रजपर्यंत घसरत गेली असती.

निदान झालं : टिनिया. म्हणजे बुरशीमुळे होणारं गजकर्ण.

मी ढोलपथकात वाजवतो. ढोल पट्ट्याने कमरेला करकचून बांधायचा, म्हणून कातडी सोलवटू नये यासाठी आम्ही सरावाआधी तिथे जेली चोळतो. त्यात काही चूक नाही. पण मला खाज सुटली, ती मी पट्ट्याच्या माथी मारली आणि सरावानंतरही घामट अंगावर जेली थापत राहिलो. खाज पाठीवर चढली. खाजवायला पट्टी झाली, बायकोचा कंगवा झाला, शेवटी दाराची चौकट झिजायला आली.

डॉक्टरांचा आवाज उतरला. "जेली ऑक्लुझिव्ह असते, म्हणजे झाकणासारखी. आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. अंघोळ झाल्यावर कोरड्या त्वचेला लावा, टाचांच्या भेगांना लावा, उत्तम. तुम्ही घाम आणि बुरशी झाकून ठेवलीत." भाजल्या भाजल्या तर ती मुळीच लावायची नाही, आधी गार पाणी, हेही त्यांनी बजावलं.

मग बुरशीवरचं मलम, सैल सुती कपडे, कोरडी कमर. आणि ढोल बंद. इकडे विसर्जन मिरवणूक तोंडावर! निदान त्या दिवसापुरता बांधू द्या म्हणून मी गयावया केली. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुमच्या अंगावर अशी गोल कडी उमटली तर जेलीची डबी उघडू नका, आधी दाखवून या. आणि डाग गेले म्हणून मलम मध्येच सोडू नका. मी बरा झालो, पण मिरवणूक होऊन गेल्यावर.

त्या मिरवणुकीत आमचा पथकप्रमुख मंदार याने मला गर्दी अडवायचा दोर धरायला उभं केलं. ढोलांकडे पाठ करून मी लोकांवर खेकसत होतो आणि बोटं आपली मांडीवर ठेका धरत होती.

सगळं आटोपल्यावर मंदारला गाठलं. माझ्या ढोलावाचून पथक लंगडलं असणार, अख्खी बुधवार पेठ हळहळली असणार, याची मला खात्रीच होती. तरी विचारलं, आज कसं वाटलं?

गळ्यातला ताशा उतरवत तो म्हणाला, "दोर चांगला धरलात, काका. पुढच्या वर्षीही तुम्हीच धरा."