साहेबाच्या खाकरण्यासकट

दवंडीवाल्याला वाचता येत नव्हतं, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. सरकारी हुकूम साहेब कचेरीत एकदा वाचून दाखवायचा. हा कान देऊन ऐकायचा आणि चौकात ढोल बडवून जसाच्या तसा सांगायचा. जसाच्या तसा म्हणजे अगदी तसाच हो! साहेब मध्येच घसा खाकरायचा, की हाही खाकरायचा. साहेब नाकातून बोलायचा, हाही नाकातून. एवढंसं गाळलं तरी पुढचं सगळं डोक्यातून पसार. लोक पोट धरधरून हसायचे. घरपट्टी वाढली तीसुद्धा माणसांनी हसत हसत ऐकली, आता बोला!

मग नवा कायदा आला. सरकारची टिंगल केली तर दोन वर्षं आत. वकील नाही, अपील नाही. चौघांपेक्षा जास्त माणसांनी एका जागी उभं राहायचं नाही. हे जाहीर करायचं काम अर्थात याचंच. केलं बिचाऱ्याने, खाकरून आणि नाकातून. चौक खदखदला, आणि शिपायाने याचीच मानगूट धरली.

बायको कोठडीच्या गजांशी आली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच दिवस राहिले होते, आता भरतही आले होते.

"अहो, सरळ बोलायला काय धाड भरते तुम्हाला?"

"सरळच बोलतो गं. ते खाकरणं हुकुमातलंच आहे."

"हुकुमातलं म्हणे, डोंबल तुमचं! म्हणा माझ्यामागून. बाळाला बाप हवाय मला, नकलाकार नको."

तिने पोपटासारखं घोकून घेतलं.

न्याय करायला तोच साहेब बसला होता. स्वतःच्या टिंगलीचा निवाडा दुसऱ्यावर कोण सोपवतो? पण त्या दिवशी स्वारी उदार झाली. "हुकूम सरळ म्हणून दाखव, सोडून देतो."

समोरून बायको ओठ हलवत होती. पहिलं वाक्य सुरळीत गेलं. दुसरंही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात साहेबानेच घसा खाकरला.

झालं! याचा घसा आपोआप साथीला धावला, मागोमाग नाक, आणि उरलेला हुकूम एका दमात बाहेर. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दोन वर्षं," साहेब नाकातून म्हणाला. आता कुणी हसलं नाही.

बाहेर पायऱ्यांवरच बायकोला कळा सुरू झाल्या. मावश्या, जावा, शेजारणी धावल्या. शिपायाने काठी उगारली, "ए, चौघींच्या वर नको!"

कुणी थांबायचं म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता सगळ्याच मागे सरल्या. त्याची म्हातारी काकू तेवढी राहिली, तीही पळता येईना म्हणून.

तेवढ्यात त्याला बेड्या घालून बाहेर आणलं.

"काकू, घरी न्या हो हिला!"

"मी एकटी कशी उचलू रे हिला?"

त्याला गाडीत ढकललं. काकू बायकोच्या काखेत हात घालून ओढू लागली, आणि दुसऱ्याच पायरीवर दोघीही खाली बसल्या.