पुढची तारीख

त्या मंगळवारी चंद्रपूरच्या कौटुंबिक न्यायालयात मी बहिणीसाठी पुढची तारीख मागितली.

संमतीने घटस्फोटाचा अर्ज होता. नवराही हजर होता, त्याची ना नव्हती. वकील आम्ही केला नव्हता. कागद मीच बघायचो. बहिणीची मूत्रपिंडं थकली होती आणि तिला एकच हवं होतं. नागभीडहून येताना गाडीत ती हसत म्हणाली होती, "मेल्यावर तरी मले सासरच्या त्या गावी नको पाठवू, भाऊ."

नेहमीच्या न्यायाधीशांची बदली झाली होती. दारावर 'प्रभारी' असा कागद होता. आत बसलेल्या बाई मला फारच तरुण वाटल्या. कॉलेजच्या ग्रंथालयातून कायदा आणून मी वाचला होता, वहीत उतरवून घेतला होता: न्यायाधीश म्हणून किंवा वकिलीत किमान सात वर्षं हवीत. बाईंच्या चेहऱ्यावरून मी त्यांची वर्षं मोजली. हिशेब जुळेना. उद्या कोणी हुकूमच रद्द ठरवला तर? बाई दोघांचे जबाब आजच घ्यायला तयार होत्या.

बहीण कुजबुजली, "त्या विचारून राह्यल्या न. काऊन थांबायचं?"

मी तिला गप्प केलं. कायमचे न्यायाधीश येईपर्यंत थांबतो, असं उभं राहून सांगितलं. बाईंनी तारीख दिली, कारकुनाने ती चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात ठेवली.

त्या तारखेच्या अकरा दिवस आधी ती गेली.

सासरची माणसं गाडी घेऊन आली. आमच्या गावातल्या जाणत्यांनी मला बाजूला घेऊन निकाल लागला का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो.

"मंग पोरगी त्यायचीच, भाऊ."

नवऱ्यानेच अग्नी दिला. तो मान खाली घालून होता. त्याच्यावर रागावताही येईना.

न्यायालयात मृत्यूचा दाखला द्यायला गेलो तेव्हा कारकुनाला ते सात वर्षांचं विचारलंच. तो फाईल बांधता बांधता म्हणाला, "मॅडमले कवाचेच झाले, सर. जिल्हा न्यायाधीश हाय त्या. चार्ज उगाच देत नाई कोणाले." मग त्याने मान वर केली. "तुमी थांबले काऊन?"

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वही उघडतो, उठतो, अंगणात जातो, परत तेच पान काढतो. तिथे चूक नाही. कलम बरोबर उतरवलं आहे.

तिची राख त्यांच्या गावच्या नदीत गेली. माझ्याकडे ती वही आहे, आणि तिच्यात तारखेची चिठ्ठी.