सड्यावरची लिंबं

एका लिंबापायी मी विधवा होता होता राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कराडला राहायचो. आमची मंजू पोलीस भरतीच्या मागे लागली होती आणि मागच्या खेपेला साताऱ्याला धावण्यातच कमी पडून परत आली होती. गावातल्या मैदानावर ती पळायला लागली की कठड्यावरची टोळकी शिट्ट्या मारायची. म्हणून तिच्या वडिलांनी दुसरी जागा शोधून काढली. पाटणच्या बाजूला एका नदीची घळ. दोन्ही अंगांनी दाट रान, घळीतून चढून गेलं की वर सडा, म्हणजे नजर पोचेल तिथवर कातळाचं पठार. घळ चढायची, सड्यावरून वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या वाटेनं खाली यायचं.

"ह्या वाटेवर जी पळेल, ती साताऱ्याचं मैदान झोपेत पळेल," असं ह्यांचं मत. (हे स्वतः जन्मात एसटी सोडून कशाच्या मागे पळाले नव्हते!)

प्रश्न खुणांचा होता. रानात वाटा फुटतात, पोरगी चुकली तर शोधायची कुठं? मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की शाळेत पोत्यांनी पडलेली होती. पण हे त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शाळेची वस्तू घरी आणणं ह्यांना पटेना.

"मग गुलाल वापरा," मी म्हणाले. "गणपतीतला पिशवीभर उरलाय."

"वाऱ्यानं उडेल."

"मग वर लिंबू ठेवा. लांबून दिसेल. कापूनच ठेवू, म्हणजे घसा कोरडा पडला तर तिला चोखता येईल."

(तुम्ही आत्ता कपाळाला हात लावला असेल. मी तेव्हा लावला नाही.)

दिवस रविवारचा ठरवला, शाळेला सुट्टी म्हणून. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. कॅलेंडर मी फक्त गॅसचा नंबर कधी लावला ते पाहायला वापरत असे.

पहाटे आम्ही दोघं पुढं निघालो. मंजू तासाभरानं मागून पळत येणार होती. जिथं वाट फुटेल तिथं मी गुलाल टाकायची, हे त्यात बाण काढायचे. नुसता बाण काढतील तर चित्रकलेचे मास्तर कसले! बाणाभोवती गोल, गोलाभोवती ठिपके, ठिपक्यांना खास घरून आणलेल्या हळदीची किनार. मधोमध कापलेलं लिंबू. मी म्हणालेसुद्धा, "छान दिसतंय हो!"

सड्यावर पोचलो तर वास आला. मेलेल्या जनावरांचा. कडेला गिधाडं बसली होती, पंगत उठल्यावर पाहुणे बसतात तशी, सुस्त. एका झाडाखाली म्हशीचा सांगाडा होता. पलीकडं आणखी एक. आम्ही नाकाला पदर आणि रुमाल लावला आणि पुढच्या तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, गुलाल टाकला. ती तिकटी नेमकी वाडीच्या तोंडाशी होती.

"ए! कोन हाय रं तिकडं?"

वर पाहिलं तर दहा-बारा माणसं. काठ्या होत्या. सगळ्यांत पुढं एक म्हातारा, ज्ञानूतात्या, हातात कुऱ्हाड.

"कुटलं गाव?"

"कराड," हे नम्रपणे म्हणाले.

"आन हितं काय मांडलंय ह्ये?"

"मार्ग आखतोय. मुलीसाठी."

"पोरीला बी शिकीवतोय व्हय रं ही इद्या!"

मग उलगडलं. महिनाभर वाडीत जनावरं मरत होती. गळा सुजायचा, घरघर लागायची, दोन दिवसांत खेळ खलास. पोळ्याला सजवलेली बैलजोडी होती तात्यांची. त्यातला एक परवा गेला होता, दुसरा गोठ्यात आडवा पडला होता. कोणीतरी करणी केलीय, यावर वाडीचं एकमत झालं होतं. फक्त कोणी, ते कळत नव्हतं. आणि ऐन अमावास्येला एक बाई आणि एक बाप्या गुलाल, हळद आणि कापलेली लिंबं घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आले! त्यांच्या जागी मी असते तर मीही काठी शोधली असती.

"आवं, हे पळायच्या सरावाचं आहे," मी म्हणाले.

"पळाया लिंबू कशाला लागतंय?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या जागी ते मलाच पटेना.

ह्यांना दोघांनी धरून देवळाच्या खांबाला बांधलं. मला सांगितलं, "ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं. समदी लिंबं गोळा कर, दोनी फाका. जोडी मोडली तर बघ." मी साडीचा काचा मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा पळाले. घळीत उतरले, चढले, घसरले, बसले, पुन्हा पळाले. मागं दोन गडी, मी खरंच उचलते का ते बघायला. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी लय काटक हाय गड्या." (चाळिशीच ओलांडली होती मी!)

धापा टाकत पिशवी तात्यांच्या पुढ्यात ओतली. वडाखालच्या तिकटीवरचं लिंबू नव्हतं.

"त्ये कुटं हाय?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे खांबाकडं पाहू लागले.

"ते... मी चोखलं," हे म्हणाले. "चढ फार होता."

सगळी वाडी एका झटक्यात मागं सरकली. ज्यानं बांधलं होतं त्यानं हात धोतराला पुसले. आता ह्यांना कोणी मारणार नव्हतं. करणीचं लिंबू चोखलेल्या माणसाला हात कोण लावतो? धुरपाआज्जी नावाची एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"पोरी, कुकू पुसायची तयारी ठेव गं. लय दम न्हाई धरायचं तुजं मानूस!"

"आज्जी, त्यांना काही झालेलं नाही."

"हुईल की! कळ काढ जरा!"

तात्या मात्र हलले नाहीत. कुऱ्हाड खांद्यावर घेऊन खांबासमोर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"माजं समदं ह्या एका बैलावर हाय. त्यो हुबा ऱ्हायला तर तुमी जावा. त्यो गेला, तर ह्यो बी खाली जानार न्हाई."

म्हणजे आमचा संसार आता एका बैलाच्या तब्येतीवर होता.

"डॉक्टरला का नाही बोलावलं?" मी विचारलं.

"डाक्टर वर चढत न्हाई, आन बैल खाली उतरत न्हाई."

तेवढ्यात मंजू आली. पूर्ण वेगात, वेणी सुटलेली, घाम पुसता पुसता गुलाल कपाळभर फासलेला. तिला बघून निम्मी वाडी देवळात शिरली.

"आई! लिंबं कुठं गेली? गुलालात हात घालून शोधली! बाबा असे का उभे आहेत?"

"बांधलेत म्हणून," मी म्हणाले आणि तिला बाजूला घेतलं. "नीट ऐक. तात्या म्हणतात चोखलेल्या लिंबाच्या जागी नवं लिंबू हवं. खालच्या गावातून आण. येताना जनावरांचा डॉक्टर आण. एक वेळ लिंबू विसर, पण डॉक्टर विसरू नको."

ती गेली. कडेवरून मला तिची ओढणी झाडीत दिसत होती, मग दिसेना. गोठ्यातून बैलाची घरघर ऐकू येत होती. ती थांबली की मी ह्यांच्याकडं बघायची. पुन्हा सुरू झाली की श्वास घ्यायची. हे म्हणाले, "तुला एक सांगू? लिंबू आंबट नव्हतं." मी म्हणाले, "गप्प बसा."

डॉक्टर खाली पितरांच्या जेवणाला आले होते, त्यांना मंजूनं खिरीवरून उठवलं. "वर माझे वडील मरायला टेकलेत," ती म्हणाली. "अगं, मी जनावरांचा डॉक्टर!" "म्हणून तर तुम्हाला न्यायला आलेय!" घळभर ती त्यांना मागून ढकलत आली. वर पोचले तेव्हा बैलापेक्षा डॉक्टरांची घरघर मोठी होती.

"घटसर्प आहे," ते म्हणाले आणि सुई काढली.

तात्यांनी कुऱ्हाड आडवी धरली. "आदी लिंबू."

मी मंजूनं आणलेलं नवं लिंबू कापलं, दोन्ही फाका तिकटीवर ठेवल्या, डोळे मिटले आणि ओठ हलवत बेरीज-वजाबाकी पुटपुटले. मग त्याच हातांनी उचलून घळीत फेकल्या. तात्यांनी कुऱ्हाड बाजूला घेतली. मग सुई टोचली गेली.

दिवस कलायला आला तेव्हा बैलानं मान उचलली. थोड्या वेळानं हिरव्या चाऱ्याला तोंड लावलं. तात्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, बैलाच्या गळ्यात पडले आणि लहान पोरासारखे रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग उठून त्यांनी ह्यांची दोरी स्वतः सोडली, डॉक्टरांकडं पाहिलंसुद्धा नाही आणि माझ्या पाया पडले.

"बाई, तुमीच लावलं, तुमीच काडलं. लय मोटी हायसा तुमी!"

"आवं तात्या, ती सुई..."

"सुई डाक्टरची. गुन तुमचा."

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात जाऊन वाडीतल्या उरल्यासुरल्या जनावरांना टोचलं. मंजू भरती झाली. हे त्यानंतर बरीच वर्षं धडधाकट होते. पण बातमी घळ उतरून आमच्या आधी कराडात पोचली होती. आमचा दूधवाला ज्ञानूतात्यांच्या बहिणीचा जावई निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुधात पाण्याचा थेंब घातला नाही आणि माप उंबऱ्याबाहेर ठेवून हात जोडू लागला.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. असल्या भाकडकथांवर माझा काडीचाही विश्वास नाही आणि त्याला एकदा बसवून सगळं नीट समजावून सांगायचं, हे माझं पक्कं ठरलेलं आहे. पण सायच इतकी जाड येते हो, की रोज उद्यावर ढकलते!