भावजींचा बटणांचा डबा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं येतं. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्यानं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली, आणि पुढं लिहायची वेळ आली ती फक्त सही करायला. हे कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही.

मी घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडते. शेठचा माणूस चांदी तोलून देतो आणि झालेलं काम तोलून नेतो. शेठकडून मी उचल घेतली होती. उचल अंगावर असेपर्यंत दुसऱ्याचं काम धरता येत नाही. नेमका तेव्हाच एक नवा व्यापारी जास्त मजुरी देऊ लागला आणि गल्लीतल्या बायका एकेक करून त्याच्याकडं गेल्या. मी अडकून पडले. आणि उचल मी माझ्यासाठी घेतलेली नव्हती. ती धाकट्या दिराला दिली होती.

भावजी आधी कबनूरला यंत्रमागावर कामाला होते, आता बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतात. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून वाजवायचं असतं. त्यांचे आवाज लॅपटॉपमधल्या सिंथेसायझरमधून निघतात, पण हलत्या ट्रॉलीवर माउस धरता येत नाही. म्हणून न बघता हाताला सापडतील अशी मोठी, फिरवायची आठ बटणं त्यांना हवी होती. एक फिरवलं की आवाज जाड व्हावा, दुसऱ्यानं हळूहळू विझावा, असं काहीतरी. तयार डबा परवडेना, म्हणून माझ्या उचलीच्या पैशातून सामान आणून घरीच करायचं ठरलं. गणपतीच्या आत डबा झाला नाही तर पार्टीचा मालक दुसरा वाजवणारा बघणार होता. मग माझी उचल कशातून फिटणार?

डब्यातली मुख्य वस्तू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. कुठलं बटण किती फिरलं ते ओळखून लॅपटॉपला सांगणारी पट्टी. भावजींनी आणलेली पट्टी बोटाएवढी होती. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, ना खोकं ना पावती. किंमत ऐकली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ही एवढी स्वस्त, तर बाकीचे पैसे गेले कुठं?

चांदीच्या कामात वस्तू घासल्याशिवाय खरी धरत नाहीत. भावजी आंघोळीला गेल्यावर मी नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवला आणि पट्टीवरच्या काळ्या चौकोनावर फिरवला. अक्षरं कापसावर आली. चौकोन कोरा झाला.

"भावजी, ही नकली हाय," मी कापूस पुढं धरला.

"व्हय, नक्कलच हाय की. मी कवा अस्सल म्हनलं?"

"मग घेतली कशाला?"

"वैनी, हिचा नकाशा ज्यानं काढला त्यानंच समद्यास्नी उघडा ठेवलाय. कुनीबी बनवावी. परवानगी हाय."

"फुकट नकाशा कोन देतंय? आमच्यात एकाच्या पैंजनाचा नमुना दुसऱ्यानं उचलला तर डोकी फुटत्यात. चौथी शिकल्याली बगून सांगताय व्हय मला?"

ते हसले. हसले म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर दुकानात गेले. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही, म्हणून मागं उभी राहिले. दुकानदारानं आधी बिनवायरची पट्टी दाखवली. भावजी म्हणाले, "मिरवणुकीत गर्दीत समद्यांचं मोबाइल चालू असत्यात. हवेतनं जानारं मधीच तुटलं तर मी काय टाळ्या वाजवू?" मला वाटलं, हे दोघं आधीच ठरवून बोलतायत.

"अस्सल कुठलं ते इचारा," मी हळूच म्हटलं.

दुकानदारानं सील केलेलं खोकं काढलं. आत मोठा निळा बोर्ड होता. किंमत पट्टीच्या कितीतरी पट.

"अस्सल हाय, पर जात येगळी हाय," भावजी म्हणाले. "हेला सहाच बटनं थेट जोडता येत्यात. आन् लॅपटॉप हेला वाद्य म्हनून वळखत न्हाय. मधी एक प्रोग्राम ठेवावा लागतो, दुभाष्यागत."

"पैसं माझं हाईत," मी म्हटलं. त्यांनी बोर्ड घेतला.

तारा बोर्डाला जोडायला कथलाचे डाग मी दिले. चांदीवर ज्योत धरून ठेवायची सवय, त्यामुळं पहिल्याच ठिकाणी बोर्डावरचं तांबं उचकटलं. पुढं नुसतं टेकवून उचलायला शिकले. सहा बटणं बसली, दोन तशीच राहिली.

तालमीला मीही गेले. कुणाच्या सांगण्यावर विसंबायचं नव्हतं. भावजींनी बटण फिरवलं की आवाज जरा थांबून बदलायचा. मग मधला प्रोग्रामच बंद पडला. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "काय कलाकार, तुमचा आवाज मागनं चालत येतोय व्हय?" पोरं हसली. आता भावजी माझ्याकडं बोट दाखवणार म्हणून मी खाली बघत बसले. ते एवढंच म्हणाले, "बोर्ड बदलतो, मालक."

घरी आल्यावर मीच ती पुसलेली पट्टी शोधून काढली.

"ही लावून बगा."

"आता नकली चालती व्हय?"

"बगा तर."

आठही बटणं जोडली. लॅपटॉपनं पट्टी लगेच वाद्य म्हणून ओळखली. बोट फिरलं की आवाज फिरत होता. तरी माझा विश्वास बसेना. मी ती परत परत काढायला लावली, लावायला लावली. दुपारभर चालू ठेवून वर बोट टेकवून बघितलं, तापली नाही. खोटी चांदी कशाच्याच कामाची नसते, तेच मी इथं धरून बसले होते.

अस्सल बोर्ड परत करायला गेलो, तर खोकं फोडलेलं म्हणून दुकानदारानं घेतला नाही. तिथं मी हळूच बटणांची किंमत विचारायला लावली. आठ बटणं टोप्यांसकट त्या पट्टीपेक्षा महाग होती. बाकीचे पैसे कुठं गेले ते कळलं.

गणपतीत डबा ट्रॉलीवर चालला. मालकानं भावजींना ठेवलं, पुढं शिरोळकडच्या वरातींनाही नेलं. ते थोडे थोडे पैसे आणून देत गेले. प्रत्येक नोट मी उजेडात धरून बघत होते. ते बघून म्हणायचे, "वैनी, ह्याला पन कापूस लावा की."

शेवटचे पैसे घेऊन मी स्वतः शेठच्या पेढीवर गेले. शेठ गोड आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की ताई अंगावर. गडबड कशाची हाय? काम तर माझंच करताय." एवढा गोड तो कधीच बोलला नव्हता. मी नोटा गादीवर ठेवल्या आणि उभी राहिले. त्यानं मोजल्या, परत मोजल्या, माझ्या नावावर रेघ मारली. रेघ मला दाखवा म्हटलं. त्यानं वही फिरवली. उचल सगळी फिटली होती.