कॉव्हेंट्रीला एकांकडे

आमच्या घरापासून कॉव्हेंट्री गाडीनं तीनेक तासांवर आहे. एकटा माणूस सकाळी निघून काम उरकून संध्याकाळी आरामात घरी येईल. त्या एका दिवसाची आखणी मी जवळजवळ महिनाभर करत होतो.

आम्ही लिंकनशायरमध्ये, समुद्राजवळच्या एका लहान गावात राहतो. आजूबाजूला कोबीची, बटाट्याची सपाट शेतं. नजर अडावी असं मधे काही नाही. इथल्या हॉस्पिटलात मी म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर आहे. बाबा रिटायर झाल्यावर ते आणि आई साताऱ्याहून आमच्याकडे कायमचे राहायला आले. बाबा इथेच गेले. त्यानंतर आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग बाबा गेले आहेत हेच ती विसरली. मागच्या हिवाळ्यात ती पायांत नुसते मोजे घालून हमरस्त्यावर उभी सापडली. कोबीच्या ट्रकवाल्यानं तिला केबिनमध्ये बसवून घरी आणलं. तिच्याजवळ थांबता यावं म्हणून बायकोनं फार्मसीतली नोकरी सोडली होती, आणि ती त्या वेळी फक्त आंघोळीला गेली होती.

कॉव्हेंट्रीत गुजराती लोकांनी चालवलेलं एक केअर होम आहे. शाकाहारी जेवण, देवघर, हिंदी बोलणाऱ्या मुली. आमच्या भागात तसं काही नाही. ते म्हणाले, आईंना एकदा घेऊन या, आम्ही त्यांना बघतो, त्यांनाही घर बघू दे. मी हो म्हटलं आणि नकाशा उघडून बसलो.

मुक्काम करणं शक्य नव्हतं. साउथहॅम्प्टनला मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये आई एकेका दारावर टकटक करत बाबांना शोधत होती. अंधार पडला की तिला ओळखीच्या भिंती लागतात. म्हणून जून निवडला, उजेड लांबतो म्हणून. न्यूअर्कपर्यंतचा रस्ता एकपदरी, पुढे ट्रॅक्टर लागला की तासभर त्याच्या मागे. तिला उतरवता येईल, व्हीलचेअर आत जाईल, अशी टॉयलेट्स कुठे आहेत ते शोधलं. एक गार्डन सेंटर सापडलं. गोळ्यांच्या वेळा बसवल्या. जास्तीची साडी, दहीभात, फ्लास्क. एका सुट्टीच्या दिवशी मी एकटाच तो सगळा रस्ता जाऊन आलो.

"आईंना काय सांगणार आहेस?" बायकोनं विचारलं.

"बघू."

"बघू काय बघू? महिनाभर मॅपवर टॉयलेटं शोधतोयस. एक वाक्य नाही सापडत तुला?"

मी हसण्यावारी नेलं. पण तिचं बरोबर होतं. वॉर्डात मी मुलामुलींना समोर बसवून सांगतो, की खोटं बोलू नका, सोप्या शब्दांत खरं सांगा, त्यांना जेवढं पेलेल तेवढं. नंतर ती माणसं कॉरिडॉरमध्ये रडत उभी असतात आणि मी पुढच्या पेशंटकडे गेलेला असतो.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं मला विचारलं, "कुठे निघालोय रे?"

"एकांकडे जायचंय," मी म्हटलं. "चांगली माणसं आहेत. चहा घेऊ आणि लगेच परत येऊ."

बायको माझ्याकडे बघत राहिली. आईनं जरा विचार केला आणि बायकोला म्हणाली, "मग ही साडी नको गं. ती मोरपंखी काढ."

मला बरं वाटलं. तिला कपड्यांत रस आला म्हणून मी दिवसाची सुरुवात चांगली झाली असं धरलं.

बायको घरीच थांबली. गाडीत आई पुढे बसायला तयार होईना. "पुढे यांना बसू दे. मागे गुडघे दुमडतात यांचे." मी तिला मागे बसवलं, पुढच्या सीटवर ठेवलेली पिशवी तिनं उचलायला लावली. मग म्हणाली, "यांचा पट्टा लाव." मी वाकून रिकाम्या सीटचा पट्टा लावला. तो लावला नसता तरी गाडीनं तक्रार केली नसती, गाडीला तिथे वजन जाणवत नव्हतं. आईला जाणवत होतं.

शेतं सुरू झाली. मागून आवाज आला, "अहो, झोपलात का?" मग मला, दबक्या आवाजात, "झोपलेत. सावकाश चालव."

मी खरोखरच वेग कमी केला. अजूनही मला ते आठवतं आणि कळत नाही, की मी आईसाठी तसं केलं की त्या क्षणी मलाही कुणाची तरी झोप मोडायची नव्हती.

"ऊस आहे का हा?" आईनं विचारलं.

"बीट आहे, आई."

"कशाला लावतात?"

"साखर करतात त्याची."

"मग ऊसच की!" ती म्हणाली, आणि माझ्या अडाणीपणावर हसली. पुढे बाबांनाही तिनं ते सांगितलं असावं, कारण ती पुटपुटत होती आणि मधेच थांबून कुणाचं तरी ऐकत होती. माझ्या शेजारी तो पट्टा कुणाच्याही छातीवरून न जाता ताणलेला होता. न्यूअर्कनंतर रस्ता रुंद झाला तरी मी डावीकडच्या आरशात बघायचं टाळत होतो, कारण आरशाआधी ती सीट दिसायची.

वेळापत्रक मात्र चोख निघालं. गार्डन सेंटर, गोळ्या, दहीभात, सगळं जिथल्या तिथे. दुपारी आम्ही कॉव्हेंट्रीत होतो.

मॅनेजर माझ्याच वयाच्या, साडी नेसलेल्या बाई होत्या. "आवो बा, आवो," म्हणत त्यांनी आईचा हात धरला आणि आम्हाला बैठकीच्या खोलीत नेलं. सोफा, टीपॉय, कोपऱ्यात कृष्णाची मूर्ती. आणखी एक बाई हातात फाइल घेऊन समोर बसली. आत भांडी वाजत होती. मग एक मुलगी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चहा होता आणि बशांमध्ये पोहे. बटाटा घातलेले, गुजराती पद्धतीचे, वरून कोथिंबीर.

आईनं ट्रेकडे पाहिलं. समोर बसलेल्या त्या दोघींकडे पाहिलं. मग स्वतःच्या साडीकडे. ती उठली. मी धरायला गेलो तर तिनं मला बाजूला केलं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि त्या मुलीच्या हातातून ट्रे घेतला. बशा एकमेकींवर वाजत होत्या. तिनं आधी मॅनेजरबाईंना बशी दिली, मग फाइलवाल्या बाईंना, मग मला. माझ्याकडे वर न बघता. आणि खुर्चीच्या अगदी कडेवर, मान खाली घालून बसली.

"व्हेरी गुड," फाइलवाली बाई म्हणाली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मला तरीही कळलं नव्हतं.

"बा, आपका नाम?" मॅनेजरनं विचारलं.

आईनं नाव सांगितलं. माहेरचं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, घोटून पाठ केल्यासारखं.

तेव्हा मला कळलं. एकांकडे जायचंय. चांगली माणसं आहेत. चहा घेऊ. माझंच वाक्य. आमच्या घरांमध्ये मुलगी दाखवायला नेतात तेव्हा तिला असंच सांगतात, आणि मुलीला कुठे नेतायत ते बरोबर कळतं.

"खाना पकाना आता है, बा?"

"येतो," आई मराठीत म्हणाली. "पुरणाची पोळी अजून फाटते."

दोघी हसल्या. आईही ओठांतल्या ओठांत हसली.

"थोडा चलके दिखायेंगे? वो खिडकी तक?"

आईनं निऱ्या किंचित उचलल्या आणि चालली. घरी संडासापर्यंत जायला माझा किंवा बायकोचा दंड लागतो. इथे ती खिडकीपर्यंत गेली, सावकाश वळली आणि परत आली. मुलगी एका पायानं लंगडत नाही ना, हे बघतात, हे तिला ठाऊक होतं. ती त्यांना पाय दाखवत होती.

"शुक्रवारको भजन होता है. आप गाती हैं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. परवानगी मागणारं ते बघणं होतं. "घरात म्हणते," ती म्हणाली. "चारचौघांत नाही."

मला एवढंच म्हणायचं होतं, की आई, तसं नाही गं. ही राहण्याची जागा आहे, तुझ्यासाठी, कारण आम्हाला आता जमत नाही. सोप्या शब्दांत, पेलेल तेवढं. पण तिची मान ताठ होती, डोळे स्वच्छ होते, कित्येक महिन्यांत तिला इतकं सावध पाहिलं नव्हतं. आणि ते बघून त्या दोघींचं मत चांगलं होत होतं. मला ती जागा हवी होती. मी पोहे खात राहिलो.

मॅनेजरबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "बहुत प्यारी हैं," त्या म्हणाल्या. बागेकडची एक खोली रिकामी होत होती. आठवड्यात कळवा, म्हणाल्या. "घरी विचारून कळवतो," मी म्हटलं, मुलाकडच्यांसारखं. की मुलीकडच्यांसारखं, ते मला सांगता येत नाही.

गाडीशी आल्यावर मी मागचं दार उघडलं. आई उभीच राहिली.

"मी पुढे बसू?" तिनं विचारलं.

"पुढे..." मी अडखळलो. "बस ना."

तिनं बसून स्वतःच पट्टा ओढला. मागे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. येताना साऱ्या रस्त्यात माझ्या शेजारी बसलेले बाबा आता गाडीत नव्हते. त्यांचं अजून लग्नच झालेलं नव्हतं. मला इतका एकटेपणा त्यांना स्मशानात पोचवून परत येतानाही वाटला नव्हता.

लेस्टर मागे पडल्यावर ती म्हणाली, "दादा."

दादा म्हणजे माझे मामा. आजोबा लवकर गेले, तिचं लग्न त्यांनीच जमवलं. मी त्यांच्यावर गेलोय असं सगळे म्हणत. मामा जाऊनही फार काळ झाला.

"काय गं?" मी म्हटलं. ते माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, की नंतर मला त्याचीच भीती वाटली.

"पसंत पडले का मी?"

पुढे एक ट्रॅक्टर होता. ओव्हरटेक करायला रस्ता मोकळा होता, पण मी मागेच राहिलो.

"पडलीस."

"मुलगा दिसला नाही."

"कामावर होता."

तिनं मान हलवली. जरा वेळानं म्हणाली, "घर मोठं आहे. माणसं हसून बोलतात. तुम्हाला पटत असेल तर मला चालेल, दादा. तुम्ही किती ठिकाणी फिरायचं माझ्यासाठी?"

आईनं मला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

कितीतरी पेशंटच्या कागदांवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, की यांना निर्णय घेण्याइतकं आकलन उरलेलं नाही, यांचा होकार ग्राह्य धरू नये. तो होकार मी धरला. घरी पोचलो तेव्हा उन्हं होती, आखल्याप्रमाणे. बायकोनं दारातच विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"आवडलं म्हणाली."

"तू सांगितलंस त्यांना?"

"तिला चालेल म्हणाली."

बायकोनं पुढे विचारलं नाही. तीही थकली होती. सोमवारी मी फोन करून खोली घेतली.

आता आई तिथे असते. तब्येत सुधारली आहे, केस नीट विंचरलेले असतात. ट्रकवाल्याला तिला उचलून आणावं लागेल अशी भीती उरली नाही. हे सगळं खरं आहे, आणि कुणी विचारलं की मी हेच सांगतो. मी दर रविवारी जातो आणि त्याच दिवशी परत येतो. तिथल्या मुलींना ती सांगते, "माझा भाऊ. फार लांबून येतो." भाऊ म्हणून मला बरं जमतं. भावाला आश्वासन देता येतं. एखाद्या रविवारी ती मला ओळखेल, माझ्या नावानं हाक मारेल आणि हे काय केलंस विचारेल, या विचारानं मात्र मी रस्त्यात गाडीचा वेग कमी करतो.

परवा मुली दुसऱ्या टेबलाकडे गेल्यावर ती माझ्याकडे झुकली.

"न्यायला आलात का, दादा?"

"पुढच्या खेपेला," मी म्हटलं.

"चालेल." तिनं पदरानं टेबलावरचा एक थेंब पुसला. "घरी आईला सांगू नका हं, मी विचारलं म्हणून. उगाच जिवाला लावून घेईल."

"नाही सांगत," मी म्हटलं.