अम्मनला अट नाही

देवाशी माझं भांडण तत्त्वाचं होतं. मला लहानपणापासून फिट येतात. अपस्मार म्हणतात त्याला. त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार अशी, की फिट येणाऱ्या मुलांसाठीच काढलेल्या शिष्यवृत्तीला अट होती: गेल्या वर्षभरात फिट आलेली नसावी. म्हणजे भुकेल्याला जेवण, पण त्याचं पोट आधीच भरलेलं हवं! मला तर याच जानेवारीत, पोंगलच्या दिवशीच फिट आली होती. शिष्यवृत्ती हुकली तर कॉलेज सुटणार होतं, आणि खोटं मी बोलणार नव्हते. बाबा रेल्वेच्या कारखान्यात युनियनवाले. मी अक्षरं गिरवली तीच संपाच्या पत्रकांवर. मुलाखतीत अटीच्या चिंधड्या उडवणारं भाषण मी तमिळमध्ये पाठ केलं. पहिलंच वाक्य, "आम्हाला दया नको, हक्क हवा!" पाठांतराच्या नादात झोप मात्र राहून गेली.

मुलाखत चेन्नईतच, एग्मोरला होती. आई म्हणाली, "वाटेत अम्मन देवीच्या पाया पडू." आई मूळची साताऱ्याची, पण बाबांची चेन्नईला बदली झाली तशी तिनं देवांचीही करून घेतली. मी म्हटलं, "जिनं अशी अट घालू दिली, तिच्या पाया पडू?"

"वाद मुलाखतीत घाल. इथे चप्पल काढ."

आडी महिन्यातला, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराचा शुक्रवार होता. या दिवसांत अम्मनच्या देवळात ढोल वाजतात आणि बायकांच्या अंगात येतं. मी हात जोडले, पण मनात भाषणच चालू होतं. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली.

पुढचं आईनं सांगितलेलं. मी कोसळले, हातपाय झटकू लागले, आणि बायकांनी गलका केला, "अम्मा वंदुट्टा!" अम्मन आली! कुणी तोंडाला हळद फासली, कुणी कडुलिंबाचा पाला डोक्यावर धरला. कुणी विचारलं, "आई, आमच्या बोअरला पाणी कधी लागेल?" आई मला कुशीवर वळवून मोडक्या तमिळमध्ये ओरडत होती, "देवी नाही, फिट! गोळी घेते ती!"

"देवीला कसली गोळी?" बायका म्हणाल्या.

रेशमी साडीतल्या एक वयस्कर बाई माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "आज्ञा कर, आई." झटके थांबले होते, मी अजून भानावर नव्हते. डोळे मिटूनच मी पुटपुटले, "आम्हाला दया नको, हक्क हवा!" ढोल थांबले म्हणे.

मी शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "घरी चल." मी म्हटलं, "आजच तर पुरावा ताजा आहे." तोंड धुतलं, पण हळद काही निघाली नाही.

मुलाखतीच्या खोलीत मधल्या, अध्यक्षांच्या खुर्चीवर त्याच रेशमी साडीतल्या बाई. मला पाहून त्या अर्धवट उठल्याच. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "शेवटची फिट कधी आली?"

"आज सकाळी. मॅडमनी पाहिली आहे."

आता भाषण! पण डोकं रिकामं. फिटनंतर माझं असंच होतं. एक शब्द आठवेना. आयुष्यात पहिल्यांदाच बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. मनात म्हटलं, अम्मा, आता तूच बघ.

बाई म्हणाल्या, "सकाळी मी हिच्या पाया पडले. हिची आई फिट, फिट म्हणून ओरडत होती, मी ऐकलं नाही. अम्मन अंगात आली, तर वर्षभरात किती वेळा आलीस असं आपण विचारतो का? मग या पोरीला का विचारतो? काढा ती अट. सगळ्यांसाठी."

मी तरीही म्हटलं, "पण देवी समजून मला देऊ नका."

"नाही देत, कण्णू," बाई लाडानं म्हणाल्या. "देवीला कॉलेज कशाला लागतं? गुण दाखव."

गुण चांगले होते. शिष्यवृत्ती मिळाली.

डॉक्टर म्हणाले, झोप झाली नाही म्हणून फिट आली. मला ते मान्य आहे. अंगात अम्मन आली होती, असं मी म्हणणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पण एवढं घोकलेलं भाषण माझ्याकडून काढून घेतलं गेलं आणि काम तरी झालं, ते कुणी केलं, हे मला कुठल्याच पत्रकात सापडलेलं नाही. म्हणून मी शुक्रवारी देवळात जाते आणि न सांगता चप्पल काढते. पाया पडून झालं की आई म्हणते, "चल आता घरी, वेळेवर झोप. जागायला ती आहे."